एक नंबरच्या सीटवरील बाईबाबत

जबाब देणारीचे नाव: मूळ प्रतीत आहे, या प्रतीत घातलेले नाही. वय: चोवीस. शिक्षण: पदवी. धंदा: नोकरी, खासगी बस कंपनीत तिकीट खिडकी सांभाळणे व गाडी सुटण्यापूर्वी प्रवाशांना सुरक्षिततेच्या सूचना सांगणे. राहणार: बस डेपोच्या मागील खोल्या, शेवटची खोली.

मी आपण होऊन ठाण्यात आले आहे. अंमलदारांसमोर बसून, ते विचारतील त्याला मला माहीत आहे तेवढेच सांगते, ते असे:

वरील पत्त्यावर मी व माझी आई अशा दोघी राहतो. 'राहत होतो' असे अंमलदारांनी लिहिले होते, ते मी खोडून घेतले आहे. वडील याच कंपनीत टायरचे काम करीत. मी शाळेत असताना ते वारले. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. आईला लिहिता-वाचता येत नाही. तिचे वय पंचावन्न धरावे. नक्की तिलाही माहीत नाही.

या कामासाठी मी ठाण्यात येण्याची ही तिसरी वेळ आहे. पहिल्या वेळी मला सांगण्यात आले की, प्रवासी हरवला असल्यास त्याचे तिकीट आणावे. आईकडे तिकीट नव्हते. दुसऱ्या वेळी सांगण्यात आले की, कर्मचारी हरवला असल्यास तक्रार कंपनीने द्यावी. कंपनीने त्या दिवसाच्या गाडीबाबत 'सर्व प्रवासी व कर्मचारी सुखरूप' असे ठाण्याला लेखी कळवलेले आहे. त्यामुळे ठाण्याच्या दृष्टीने त्या गाडीतून कोणीच हरवलेले नाही. माझी आई मात्र त्या गुरुवारपासून घरी आलेली नाही.

आई रोज सकाळच्या गाडीत एक नंबरच्या सीटवर बसते. एक नंबरची सीट म्हणजे दारातून चढल्यावर पहिली. ती आमच्या खिडकीवर विकली जात नाही. राजधानीत सरकार कोणाचे हे दर थोड्या महिन्यांनी बदलते, आणि आपल्या शहरापासून खालच्या शहरापर्यंतच्या रस्त्यावर सकाळी एकांचा हुकूम चालतो तर दुपारी दुसऱ्यांचा. पुलाच्या अलीकडे बंदूकवाली पोरे रस्त्यावर आडवी दोरी धरून उभी असतात. दोरी साधीच, कपडे वाळत घालायची. गाडी थांबते ती बंदुकांमुळे. या मार्गावर सगळे त्यांना दोरीवाले म्हणतात. ते गाडीत चढतात, चेहरे बघतात आणि हवा तो माणूस उतरवून घेतात. उतरवलेला माणूस सहसा परत येत नाही. हे ठाण्याला माहीत आहे का, असे मी विचारले. अंमलदारांनी मान हलवली व हे लिहायची गरज नाही असे म्हणाले. मी लिहावे असे म्हटले.

वडील गेल्यावर आई डेपोत गाड्या झाडत असे. एकदा ती खालच्या शहरात तिच्या बहिणीकडे निघालेली असताना दोरीवर एका पोराने लेकुरवाळ्या बाईच्या अंगावर बंदूक रोखली. आई त्याला म्हणाली, "ए, नळी आधी तिकडे कर. घरी आईशी असाच बोलतोस का?" त्याने नळी खाली केली. चालकाने हे डेपोत सांगितले. दुसऱ्या दिवशी मालक आईला म्हणाले, "मावशी, झाडू ठेवा आता. उद्यापासून पुढे बसत जा." पगाराचे बोलणे झाले नाही. आम्हाला खोली राहू दिली, माझे कॉलेज झाल्यावर मला खिडकीवर घेतले. मालकांच्या म्हणण्याप्रमाणे हा घरोबा आहे, नोकरी नव्हे. त्यांचे शब्द मी जसेच्या तसे सांगत आहे.

आईचे काम असे असते. दोरीवर गाडी थांबली की तिने सगळ्यात आधी बोलायचे. काहीही बोलायचे. कोणाला जेवलास का विचारायचे, कोणाचा शर्ट उसवला आहे ते सांगायचे. आणि दोरीवाले एखाद्या प्रवाशापाशी थांबलेच, तर "तो माझा आहे" म्हणायचे. भाचा, पुतण्या, जावई, वयाला शोभेल ते. याला गाडीवाले 'आपला म्हणणे' म्हणतात. मावशीने आपला म्हटले की त्या माणसाने लगेच उठून तिच्या हातातली पिशवी घ्यायची, एवढाच रिवाज. पिशवी घेतली की दोरीवाले पुढे सरकत. ते खरे मानत होते की खोटे, ते मला माहीत नाही. आई म्हणायची, "त्यांनाही परत फिरायला एक निमित्त लागतं गं. आपण ते द्यायचं."

या रस्त्याने जाणारे जुने प्रवासी हे सगळे जाणून होते. नवीन प्रवाशांना शेजारचा सांगत असे.

आता सूचनांविषयी. याची गरज नाही असे अंमलदारांचे मत आहे. ती आहे असे माझे मत आहे.

मध्यंतरी एका बाहेरच्या संस्थेची माणसे आमच्या गाडीने जाऊ लागली. आपल्या माणसांना सुरक्षिततेच्या सूचना दिल्या गेल्या पाहिजेत, अशी त्या संस्थेची अट होती. त्यांच्या सुरक्षा सल्लागाराने एक पुस्तिका दिली. मालकांनी ती माझ्यापुढे टाकली व म्हणाले, "तू शिकलेली आहेस. लोकांना कळेल असं सोपं करून दे, आणि तूच सांगत जा. बाईमाणसाचा आवाज असला की धीर येतो." मी ती पुस्तिका वाचून सात सूचना तयार केल्या. प्रत्येक शब्द तोलून घेतला. दुसरी सूचना: गाडी अडवल्यास कोणीही जागेवरून उठू नये व मान खाली ठेवावी. सहावी सूचना: कोणाशीही नाते किंवा ओळख सांगू नये आणि दुसऱ्याने तशी सांगितल्यास स्पष्ट नाकारावी. एका नात्याचे म्हणून अख्खी कुटुंबे उतरवून घेतल्याचे प्रकार दुसऱ्या एका रस्त्यावर घडले होते, असे पुस्तिकेत होते. सातवी सूचना चालकासाठी: जा म्हटल्यावर काही न विचारता, मागे न बघता निघावे.

सहावी सूचना आईच्या कामाच्या आड येते हे माझ्या लक्षात आले होते. मी मालकांना विचारले, "मग हे आईलाही सांगायला हवं ना?" मालक म्हणाले, "तिला कशाला? ती कुठे प्रवासी आहे?"

त्या दिवशी मी घरी गेले तेव्हा आई झोपली होती. मी तिला उठवले नाही. पुढे सांगेन म्हणून राहून गेले.

सूचना आईच्या कानावर रोज पडत असतील, असे अंमलदारांनी सुचवले. तसे नाही. मी माईक हातात घेतला की ती पाण्याची बाटली घेऊन खाली उतरत असे. म्हणायची, "तुझं ते ऐकलं की मलाच गाडीतून उतरावंसं वाटतं. मी आपली बाटली भरून येते."

घटनेच्या दिवशी, गुरुवारी, मी नेहमीप्रमाणे सकाळच्या गाडीत चढले व एक नंबरच्या सीटला टेकून सूचना सांगितल्या. गाडी भरलेली होती. अकरा नंबरच्या सीटवर फोनच्या टॉवरवर काम करणारे एक तंत्रज्ञ बसले होते. ते या मार्गावर नवीन होते. मी सांगत असताना ते लक्ष देऊन ऐकत होते. बाकीचे खिडकीबाहेर बघत होते. आई बाटली भरून वर आली व म्हणाली, "झालं का तुझं भाषण? डबा वेळेवर खा. खिडकीत कोंबून ठेवतेस अन् संध्याकाळी परत आणतेस." मी हो म्हटले व उतरले. मी प्रत्यक्ष पाहिलेले एवढेच.

यापुढचे ऐकीव आहे. सांगणारे आमचे चालक, ज्यांना सगळे बापू म्हणतात. मी त्यांना तीनदा वेगवेगळ्या वेळी विचारले. तिन्ही वेळा त्यांनी सारखेच सांगितले, म्हणून मी ते येथे देत आहे. बापू स्वतः ठाण्यात येणार नाहीत. त्यांना उद्याही त्याच रस्त्याने जायचे आहे.

पुलाअलीकडे दोरी लागलेली होती. चौघे गाडीत चढले. त्यांचा म्होरक्या आईच्या ओळखीचा होता. आईने त्याला विचारले, "खोकला गेला का रे?" तो म्हणाला, "जातोय. मावशी, आज टॉवरचा माणूस आहे या गाडीत. आम्हाला कळलंय." मग ते एकेका सीटपाशी थांबत मागे जाऊ लागले. अकरा नंबरपाशी येऊन थांबले.

आई उठून मागे वळली व म्हणाली, "तो माझा जावई आहे. पोरीकडे घेऊन चाललेय."

म्होरक्या म्हणाला, "मावशी, मागच्या महिन्यातही जावईच होता. तुला मुली आहेत तरी किती?"

आई म्हणाली, "एकच आहे. पण शिकलेली आहे."

यावर दोघे दोरीवाले हसले. बापू म्हणाले, "ताई, हसले म्हणजे सुटलो, असं मला वाटलं. मी गिअरवर हातसुद्धा ठेवला."

म्होरक्याने तंत्रज्ञांना विचारले, "काय जावई, कोण लागते ही तुझी?"

आईने पिशवी पुढे केली. तंत्रज्ञांनी ती घेतली नाही. मान खाली घालून ते म्हणाले, "मी यांना ओळखत नाही. माझा यांच्याशी काहीही संबंध नाही."

हे वाक्य माझे आहे. सहाव्या सूचनेत मी ते असेच्या असे सांगते, म्हणजे ऐनवेळी कोणाला शब्द शोधावे लागू नयेत.

मग गाडीत कोणी हसले नाही. म्होरक्या आईला म्हणाला, "म्हणजे आजवरचे सगळे असेच होते तर. इतके दिवस तू आम्हाला खुळ्यात काढलंस. चल, खाली ये. किती जावई झाले ते बसून मोजू." आई म्हणाली, "चप्पल घालू दे." तिला प्रवासात चपला काढून बसायची सवय आहे. तिने चपला घातल्या व उतरली. पिशवी सीटवर राहिली. खालून एकाने गाडीच्या पत्र्यावर थाप मारली व जा म्हटले. बापू गेले. ज्या माणसासाठी दोरी लावली होती, तो अकरा नंबरच्या सीटवर बसून खालच्या शहरात पोहोचला. आईच्या रागात ते त्याला विसरून गेले.

कोणीही जागेवरून उठले नाही. सर्वांनी मान खाली ठेवली. एकाने नाते स्पष्ट नाकारले. चालकाने काही न विचारता, मागे न बघता गाडी काढली. मी सांगितलेल्या सगळ्या सूचना सगळ्यांनी पाळल्या, असे माझ्या नोकरीत प्रथमच घडले. ऐकीव भाग येथे संपला.

त्या संध्याकाळी मालकांनी मला खिडकीबाहेरच्या फलकावर लिहायला सांगितले, 'सेवा नियमित. सर्व प्रवासी सुखरूप पोहोचले.' मी लिहिले. मजकूर खरा होता.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी ते तंत्रज्ञ दुसऱ्या मार्गाने परत आले व माझ्या खिडकीवर आले. त्यांच्याशी झालेले बोलणे असे:

ते म्हणाले, "मॅडम, तुमचे आभार मानायचे होते. तुम्ही सांगितलं तसंच केलं, म्हणून वाचलो. त्या बाईंचं काही कळलं का?"

मी म्हटले, "त्या माझ्या आई."

ते बराच वेळ काचेवरचे वेळापत्रक वाचत उभे राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं त्या त्यांच्यातल्याच आहेत. खुणेने मला दाखवून देतायत. म्हणजे, सगळ्या गाडीत मलाच का जावई म्हणाव्यात?"

माझ्या मागे रांग आहे असे मी म्हणणार होते, पण रांग त्यांच्या मागे होती.

ते म्हणाले, "माझं नाव कुठे येऊ देऊ नका. घरी लहान मुलं आहेत."

अंमलदारांनी मला विचारले की, या इसमाचे नाव काय. ते मला माहीत आहे. तिकीट मीच दिले होते. मी ते सांगत नाही. या ठाण्यात दिलेल्या जबाबाच्या प्रती दोरीपर्यंत किती दिवसांत जातात, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. अंमलदार म्हणाले, "अहो, मग तुमची केस उभी कशी राहणार? त्याच्या तोंडून आलं तरच तुमच्या आईला जबरदस्तीने नेलं असं होतं. इतकं वाचवायला तो तुमचा कोण लागतो?" मी म्हटले, कोणी नाही. परंतु माझ्या आईने त्याला आपला म्हटलेले आहे, आणि ते तिने मागे घेतल्याचे मला अद्याप कोणी सांगितलेले नाही.

अंमलदारांनी विचारले की, आई दोरीवाल्यांना ओळखत होती काय. होय. त्यातल्या एकाचा खोकला जात नव्हता म्हणून तिने त्याला दुकानातून गोळ्या नेऊन दिल्या होत्या. अंमलदार म्हणाले, "म्हणजे मदत करत होती." मी म्हटले, खोकल्याला. त्यांनी 'मदत करत होती' एवढेच लिहिले होते. 'खोकल्याला' हा शब्द मी घालून घेतला आहे.

आई आपखुशीने त्यांच्याबरोबर गेली असावी, असे वाटते काय, असे विचारले. नाही. तिची पिशवी माझ्याकडे आहे व ती मी सोबत आणली आहे. त्यात रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटे, स्वेटर, भरलेली बाटली व तिच्या बहिणीसाठी घेतलेले लोकरीचे दोन गुंडे आहेत. आई गोळ्या घेतल्याशिवाय समोरच्या दुकानातसुद्धा जात नाही. डॉक्टरांनी एक दिवस चुकवू नका सांगितले आहे. आज किती दिवस झाले, ते अंमलदारांनीच मोजावे.

'हरवलेल्या व्यक्तीचा धंदा' या रकान्यात काय लिहायचे, यावर बराच वेळ गेला. अंमलदार म्हणाले 'घरकाम' लिहू. मी म्हटले, ती घरी थांबतच नाही. ते म्हणाले, 'काही नाही' लिहू. मी म्हटले, परक्या माणसांना आपले म्हणणे, असे लिहा. ते म्हणाले, "असा धंदा नसतो, ताई." मी म्हटले, या रस्त्यावर आहे. शेवटी रकाना कोरा ठेवला आहे. तो कोरा आहे हे मला मान्य नाही, एवढे नोंदवावे.

आज दुपारी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावले. म्हणाले, "एक नंबरची सीट रिकामी घेऊन गाडी पाठवणं बरं दिसत नाही. प्रवासी विचारतात. तू बस ना. तुझ्या आईच्या वरताण बोलशील तू, तुझं तर शिक्षण झालंय." मी विचारले की, पत्र देणार का, कामावर घेतल्याचे. ते म्हणाले, "आता आपल्यात पत्रं कसली?" मी हो म्हटले.

म्हणून उद्या सकाळच्या गाडीत एक नंबरच्या सीटवर मी बसणार आहे. गोळ्या बरोबर घेतल्या आहेत. दोरी लागली तर मी उतरून म्होरक्याशी बोलेन व गोळ्या देईन. आई तिथे असेल तर ती घेईल, नसेल तर तो काय ते सांगेल. सूचना मी सांगणार आहे. पाच सांगेन. सहावी व सातवी सांगणार नाही. मालकांना हे कळवलेले नाही.

माझी ठाण्याला विनंती अशी की, उद्या त्या गाडीत मला प्रवासी समजावे की कर्मचारी, हे आजच ठरवून या जबाबात लिहून ठेवावे. नंतर कोणी तिकीट घेऊन या, कंपनीचे पत्र घेऊन या असे म्हटले, तर ते आणायला घरात कोणी असणार नाही. अंमलदार म्हणाले की, असे आधी ठरवता येत नाही. विनंती केली होती, एवढे तरी लिहावे. ते त्यांनी लिहिले आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवण्यात आला. मला वाचता येते, तरी नियम आहे म्हणून मी ऐकून घेतला. माझ्या सांगण्याप्रमाणे तो बरोबर आहे. ज्या बाईबद्दल तो आहे, तिला वाचता येत नाही. ती आली की तिलाही तो असाच सावकाश, मोठ्याने वाचून दाखवावा, आणि ती म्हणेल ते बदलून घ्यावे. रकाना तिच्यासाठी कोरा आहे.

सही केली आहे.